चमचाभर पाण्याची परीक्षा

गेल्या पंधरवड्यात आलेल्या पत्रांत एका वाचक भगिनींचे पत्र आहे. वय अडुसष्ट. यजमानांना पक्षाघाताचा झटका आला; वेळेवर रुग्णालयात पोहोचले म्हणून बचावले. डावा हात अजून उचलत नाही, पण बोलणे शुद्ध आणि स्मरणशक्ती शाबूत. दुसऱ्या दिवशी सकाळी खाटेच्या डोक्याशी ‘तोंडाने काहीही देऊ नये’ अशी पाटी लागली आणि दुपारी एक तरुण मुलगी आली. तिने स्वतःची ओळख ‘स्पीच थेरपिस्ट’ अशी करून दिली. बाई लिहितात, “ह्यांचे बोलणे माझ्यापेक्षा स्पष्ट आहे. मग बोलणे शिकवणाऱ्या बाई कशाला पाठवल्या? आणि आजारी माणसाला घोटभर पाणी नाही, ही कुठली शिक्षा? रात्री सिस्टर पलीकडे गेल्यावर मी हळूच दोन चमचे पाणी पाजले. माझ्या हातून पाप झाले का, ते कळवावे.”

बाई, पाप झाले नाही. तहानलेल्या नवऱ्याला पाणी पाजणे हे कोणत्याच शास्त्रात पाप नाही. पण त्या दोन चमच्यांत धोका होता, आणि तो आपल्याला कोणी नीट समजावून सांगितला नाही, ही आमच्या क्षेत्राची चूक. ती थोडीफार भरून काढण्यासाठी आजचे सदर.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी. बोलणे आणि गिळणे ही दोन कामे आपल्याला निरनिराळी वाटतात, परंतु त्यांची अवजारे एकच आहेत. ओठ, जीभ, गाल, टाळूचा मऊ भाग, घसा, स्वरयंत्र ह्याच अवयवांनी आपण ‘क’ म्हणतो आणि ह्याच अवयवांनी घास उतरवतो. मेंदूतून थेट निघणाऱ्या मज्जातंतूंच्या ज्या बारा जोड्या आहेत, त्यांपैकी पाच-सहा जोड्या ह्या कामात गुंतलेल्या असतात. म्हणून जो तज्ज्ञ जिभेची आणि स्वरयंत्राची हालचाल ओळखतो, त्याच्याकडेच गिळण्याचे कामही आले. ह्या विषयाला पद्धतशीर शास्त्राचे रूप देण्यात अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील जेरी लोगमन ह्यांचा मोठा वाटा आहे. गिळण्याच्या विकारांची तपासणी आणि उपचार ह्यांवरील त्यांचा ग्रंथ १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे ही शाखा तशी तरुण आहे. आपल्याकडे मुंबईच्या नायर रुग्णालयात, वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत आणि म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्थेत ह्या विषयाचे शिक्षण मिळते. अशा तज्ज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करू नये.

आता वाचकांनी एक करावे. दोन बोटे गळ्याच्या मध्यावर, कंठमण्यावर हलकेच ठेवावीत आणि आवंढा गिळावा. कंठमणी टुणकन वर जाऊन खाली आल्याचे जाणवेल. त्या एका सेकंदात किती घडते पाहा. जीभ घासाला मागे ढकलते, मऊ टाळू वर उचलून नाकाची वाट बंद करते, स्वरयंत्र वर आणि पुढे सरकते, कंठच्छद नावाचे झाकण मागे झुकते, स्वररज्जू एकमेकांना घट्ट मिळतात, श्वास क्षणभर थांबतो आणि अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेली झडप उघडते. घसा हा हवा आणि अन्न ह्या दोघांचा सामाईक रस्ता आहे. चौकात एकीकडचा सिग्नल लाल झाल्याखेरीज दुसरीकडचा हिरवा होऊन चालत नाही. तसेच हे. पक्षाघातात, कंपवातात, मेंदूला मार लागल्यावर, डोक्या-मानेच्या कर्करोगात किरणोपचार घेतल्यावर हा मेळ बिघडतो. कधी सिग्नल उशिरा पडतो, कधी अर्धवट पडतो.

श्वासासाठी घशात नळी घालून काही दिवस कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवलेल्या रुग्णांतही हा बिघाड वारंवार आढळतो. नातेवाइकांना हे ठाऊक नसते. ‘नळी काढली, आता आई बरी झाली’ म्हणून आनंदाने मोसंबीचा रस पुढे केला जातो. परंतु नळीने स्वरयंत्राला सूज आलेली असते, संवेदना बोथट झालेली असते, घशाचे स्नायू अशक्त झालेले असतात. नळी निघाल्यानंतर पहिला घोट तपासणीनंतरच द्यावा.

पाण्यावरच एवढी बंदी का, असे आपण विचाराल. पाण्याहून हलके पथ्य कोणते? पचनाच्या दृष्टीने हे खरे आहे, गिळण्याच्या दृष्टीने नेमके उलट. पाणी, चहा, ताक, वरणाचे पाणी हे पातळ पदार्थ जिभेवर थांबत नाहीत. मेंदूचा सिग्नल अर्धा सेकंद उशिरा पडला तरी ते तेवढ्यात उघड्या श्वासमार्गात शिरलेले असतात. घट्ट पदार्थ सावकाश उतरतो, कमकुवत घशाला तयारीला वेळ देतो.

ठसका लागला की ‘कोणीतरी आठवण काढली’ म्हणून आपण हसतो आणि पाण्याचा पेला पुढे करतो. निरोगी माणसाचे त्यावाचून काही बिघडत नाही. पण ज्याला गिळण्याचा विकार आहे, त्याला ठसक्यात पाणी देणे म्हणजे उघड्या दारातून आणखी लोटणे. त्याला पुढे झुकून मोकळेपणी खोकू द्यावे. खोकला हा शत्रू नव्हे, तो पहारेकरी आहे. मात्र आवाज फुटेना, श्वास येईना, चेहरा निळसर पडू लागला, तर तो ठसका नव्हे, गुदमरणे आहे. तेथे एक क्षणही न दवडता मदतीला हाक मारावी.

ह्याहून अवघड गोष्ट अशी की कित्येकदा पहारेकरीच झोपलेला असतो. पक्षाघाताने घशाची संवेदना गेली तर पाणी श्वासनलिकेत उतरते आणि खोकला येतच नाही. चेहऱ्यावर रेषाही हलत नाही. “मी पाजले तेव्हा ते छान प्यायले, ठसकासुद्धा लागला नाही,” असे सांगणाऱ्या मुली-सुना मला अनेकदा भेटतात. त्या खोटे बोलत नसतात. जे दिसण्यासारखे नव्हते, ते त्यांना दिसले नाही एवढेच. दोन दिवसांनी ताप चढतो, धाप लागते आणि छातीच्या क्ष-किरण चित्रात न्यूमोनिया दिसतो. म्हणून ठसक्याखेरीज इतर खुणांकडे लक्ष ठेवावे. पाणी प्यायल्यावर आवाज ओला, घरघरता होणे. सारखा घसा खाकरणे. जेवायला पाऊण-एक तास लागणे. अर्ध्या तासाने गालाच्या कोपऱ्यात भाताची शिते सापडणे. कारण न समजता येणारा बारीक ताप, घटणारे वजन.

त्या तरुण मुलीने दुपारी काय केले असेल, ते आता सांगता येईल. रुग्ण पुरता जागा आहे का, बसू शकतो का, हे तिने पाहिले असेल. जीभ बाहेर काढायला, गाल फुगवायला, जोराने खोकायला सांगितले असेल. मग चमचाभर पाणी देऊन गळ्यावर बोटे ठेवली असतील, ‘आऽ’ म्हणायला लावून आवाज ऐकला असेल. ते निभावले तर आणखी थोडे, मग पेल्याने. वरवर पाहणाऱ्याला वाटते, पाणीच तर पाजले, ते आम्हीही पाजले असते. फरक चमच्यात नाही, बोटांत आणि कानांत आहे.

शंका उरली तर पुढची तपासणी करतात. एकीत बेरियम मिसळलेले पदार्थ खायला देऊन क्ष-किरणांखाली गिळण्याचे चलच्चित्र घेतात. घास कुठे अडला, कुठे वाट चुकला, हे पडद्यावर दिसते. दुसरीत नाकातून बारीक लवचीक दुर्बीण घशापर्यंत सोडतात. सुसान लँगमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये ती मांडली. ही तपासणी खाटेवरही होते, त्यामुळे अतिदक्षता विभागातील रुग्णाला हलवावे लागत नाही. मोठ्या शहरांबाहेर ह्या सोयी दुर्मीळ आहेत, हे मान्य करायला हवे. तालुक्याच्या गावी खाटेजवळची काळजीपूर्वक तपासणी हाच बहुधा आधार असतो, आणि ती नीट केली तर मोलाची असते.

नाकातून घातलेल्या नळीची घरच्यांना फार धास्ती असते. ‘नळी लागली म्हणजे संपले’ असा एक समज आहे. ही नळी ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या जॉन आल्फ्रेड राईल ह्या इंग्रज वैद्यांनी ती १९२१ च्या सुमारास जठरातील रस तपासण्यासाठी वापरात आणली होती, अन्न देण्यासाठी नव्हे. पक्षाघाताच्या सुरुवातीच्या दिवसांत सुमारे निम्म्या रुग्णांना गिळण्याचा त्रास होतो, आणि त्यांतील पुष्कळांचा तो पहिल्या काही आठवड्यांत ओसरतो. तोवर पोषण आणि औषधे पोहोचवणारा हा तात्पुरता पूल आहे. मात्र नळी म्हणजे फुप्फुसांना अभयपत्र नव्हे. लाळ गिळलीच जाते, जठरातील अन्न उलटून वर येऊ शकते. म्हणून नळीतून अन्न देतानाही डोक्याकडची बाजू उंच हवी.

आणि तोंड स्वच्छ हवे. ह्या एका गोष्टीकडे रुग्णालयांत आणि घरांतही अक्षम्य दुर्लक्ष होते. ‘तोंडाने काही खातच नाहीत, तर दात कशाला घासायचे?’ असा विचार केला जातो. वस्तुस्थिती अशी की न वापरलेल्या, कोरड्या तोंडात जंतू अधिक माजतात आणि तीच लाळ नकळत फुप्फुसांत झिरपते. लँगमोर ह्यांच्याच १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वृद्धांना होणाऱ्या अशा न्यूमोनियाची कारणे शोधली, तेव्हा नुसता गिळण्याचा विकार पुरेसा ठरला नाही. भरवण्यासाठी दुसऱ्यावर अवलंबून असणे, दातांची निगा दुसऱ्याच्या हाती असणे, किडलेले दात ही कारणे ठळकपणे पुढे आली. म्हणजे न्यूमोनिया टाळण्याचे एक साधन दहा-वीस रुपयांच्या मऊ ब्रशात आहे. दिवसातून दोन-तीनदा दात, हिरड्या, जीभ पुसावी, कवळी रात्री काढून धुऊन ठेवावी. चूळ भरता येत नसेल तर अगदी थोडी पेस्ट घेऊन ओलसर कापडाने तोंड पुसून काढावे.

पत्रलेखिका बाईंच्या घरी रुग्ण परतेल तेव्हा खरी कसोटी स्वयंपाकघरात लागणार आहे. रुग्णालयाच्या कागदावर ‘मऊ आहार’ असे दोन शब्द लिहिलेले असतात आणि घरोघरी त्यांचा अर्थ निराळा होतो. कोणी आमटी-भात कालवून देते. पण आमटी-भातात पाणी वेगळे आणि शीत वेगळे. पाणी आधी घशात धावते, शीत मागून येते. गिळण्यास हा सर्वांत अवघड प्रकार. दुधात कुस्करलेली पोळी, टरबुजाची फोड, शिते तरंगणारी पेज हे त्याच जातीचे. साबुदाण्याची खिचडी टाळूला चिकटते. चुरमुरे, फरसाण, कोरडे पोहे ह्यांचा भुगा घशात विखुरतो. आइस्क्रीम घट्ट दिसते, पण जिभेवर त्याचे पाणी होते. ह्याउलट नाचणीचे एकजीव सत्त्व, गाठी नसलेली आंबील, घोटून गाळलेले मुगाचे वरण, तूप घालून मऊ शिजवून वाटलेले खिमट, फेटलेले घट्ट दही हे बहुतेकांना सोपे जाते. बहुतेकांना, सर्वांना नव्हे.

‘मऊ’ म्हणजे किती मऊ, ह्याचा घोळ जगभर होता. तो मिटवण्यासाठी आता शून्य ते सात अशा आठ पायऱ्यांची आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे. तिला ‘इड्सी’ म्हणतात, आणि तिची परीक्षा घरी करता येते. दहा मिलिलिटरची सुई नसलेली सिरिंज घ्यावी. तळ बोटाने बंद करून दहाच्या रेघेपर्यंत पदार्थ भरावा, बोट काढावे आणि दहा सेकंद मोजून पुन्हा बंद करावा. एक मिलिलिटरहून कमी उरला तर तो पाण्यासारखा पातळ. एक ते चार उरला तर पहिली पायरी, चार ते आठ उरला तर दुसरी, आठाहून अधिक उरला तर तिसरी. आणि थेंबही खाली आला नाही तर चौथी. सिरिंजचा आकार कंपनीगणिक बदलतो. शून्यापासून दहाच्या रेघेपर्यंतची लांबी ६१.५ मिलिमीटर आहे ना, हे फूटपट्टीने पाहावे. मोठ्या माणसासाठी बारीक केलेल्या अन्नाचा कण चार मिलिमीटरहून मोठा नसावा, आणि मऊ तुकड्यांच्या पायरीवर तुकडा दीड सेंटिमीटरच्या आत असावा. काट्याच्या पाठीने दाबल्यावर तो चिरडला गेला आणि परत फुगला नाही, तर तो मऊ.

पाणी घट्ट करण्याची पावडरही मिळते. तिच्याबद्दल माझे मत थोडे सावध आहे. पिष्टाची पावडर लाळेच्या स्पर्शाने हळूहळू पुन्हा पातळ होते, म्हणून उष्टा चमचा पेल्यात बुडवू नये. शिवाय घट्ट पाणी कोणालाच आवडत नाही. स्मृतिभ्रंश किंवा कंपवात असलेल्या ५१५ रुग्णांवरील अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात, जो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, तीन महिन्यांत घट्ट द्रवामुळे न्यूमोनिया फारसा टळला असे दिसले नाही. शरीरातील पाणी कमी होण्याचे प्रमाण मात्र घट्ट द्रव घेणाऱ्यांत अधिक होते. केंटकी राज्यातील लुइव्हिल येथील फ्रेझर पुनर्वसन संस्थेने वेगळी वाट धरली: तोंड नीट स्वच्छ करून, दोन जेवणांच्या मध्ये, निवडक रुग्णांना साधे पाणी द्यायचे. थोडे शुद्ध पाणी फुप्फुसात गेले तरी ते शोषले जाते. अन्नाचे कण आणि जंतू ही खरी अडचण. आपल्या रुग्णाला ही सवलत चालेल का, हे तज्ज्ञाला जरूर विचारावे. स्वतःच ठरवू नये. फुप्फुसे आधीच आजारी असतील किंवा गुंगी असेल तर ती चालत नाही.

भरवण्याच्या रीतीवर मात्र सर्वांचे एकमत आहे. रुग्ण पुरता जागा असावा, पाठ सरळ असावी, जेवणानंतर अर्धा तास तसेच बसवावे. भरवणाऱ्याने उभे न राहता समोर, डोळ्याच्या पातळीवर बसावे. उभ्याने भरवले की रुग्ण मान वर करतो आणि श्वासमार्ग उघडा पडतो. भांडे ओठांना न लावता वरून पाणी पिण्याची आपली जुनी सवय ह्याच कारणाने येथे घातक ठरते, आणि चोच असलेला कपही. अर्धा चमचा घास, तो उतरल्याची खात्री, मगच पुढचा. दूरदर्शन बंद. ‘कसे वाटते?’ हा प्रश्न तोंड रिकामे झाल्यावर. हनुवटी छातीकडे झुकवणे किंवा मान दुबळ्या बाजूला वळवून गिळणे ह्या युक्त्या काहींना फार उपयोगी पडतात, काहींना बाधतात. तपासणीवाचून, शेजारच्या रुग्णाचे पाहून त्या करू नयेत. गोळ्या कुटून देण्यापूर्वी औषधविक्रेत्याला किंवा डॉक्टरांना विचारावे. सावकाश विरघळण्यासाठी बनवलेली गोळी कुटली तर दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो.

तीर्थाचा प्रश्न हमखास येतो. अतिदक्षता विभागात पळीभर गंगाजल ओठांत सोडण्याची इच्छा मी अनेक घरांत पाहिली आहे, आणि तिला हसावे असे मला कधीही वाटलेले नाही. कापूस तीर्थात बुडवून, पिळून, ओठांवरून फिरवावा. रुग्णाला ओलावा मिळतो, घरच्यांना समाधान मिळते आणि फुप्फुसात काही उतरत नाही. सिस्टरला सांगून करावे, लपून नव्हे.

एक वेगळी, अधिक दुःखाची परिस्थिती आहे. स्मृतिभ्रंशाच्या अखेरच्या टप्प्यात माणूस गिळणेच विसरू लागतो. पोटातून नळी घालावी का, असे मुले विचारतात. अशा टप्प्यावर नळीने आयुष्य वाढते किंवा न्यूमोनिया टळतो, असा पुरावा नाही. अमेरिकेतील वृद्धवैद्यकाच्या संघटनेने अशा वेळी नळीऐवजी काळजीपूर्वक हाताने भरवण्याचाच सल्ला दिला आहे. चार चमचे दह्याचे जातील, कधी दोनच जातील. ते पुरेसे नसते हे खरे, आणि तरी अनेकदा तेच योग्य असते. हा निर्णय एकट्या लेकीवर किंवा सुनेवर टाकू नये. भावंडांनी डॉक्टरांसमोर एकत्र बसून तो घ्यावा.

आता पुन्हा आपल्या पत्राकडे. त्या दोन चमच्यांविषयी उद्या सकाळी डॉक्टरांना सांगून टाकावे. ताप, धाप, आवाजातील घरघर ह्यांकडे ते लक्ष ठेवतील. कोणी रागावले तर रागावू द्यावे. पत्राच्या शेवटी आपण विचारले आहे की ह्यांना सकाळचा चहा कधी मिळेल. तारीख मला सांगता येणार नाही. पण ही तपासणी एकदाच करून संपत नाही, सुधारणा होते तशी ती पुन्हा करतात. ती कधी होणार हे विचारत राहावे. आणि त्या मुलीला आधीच सांगून ठेवावे की ह्यांना पाण्यापेक्षा चहाची ओढ आहे. तपासणी चहानेही करता येते. तिने होकार दिला तर त्या दिवशी घरून थर्मासमध्ये आपल्या हातचा, आले घातलेला, गाळून कोमट केलेला चहा न्यावा, आणि एक लहान चमचा.